समोरच्या दुकानाला सलाम

अब्बा, हल्ली तुम्ही पहाटेच्या झोपेत येता. जळगावच्या मेहरूण तळ्याकाठी बसलेले असता, मांडीशी कापूस पिंजायची, धनुष्यासारखी पिंजण असते, आणि तिच्या ताणलेल्या तातीचा तो आवाज, तुंग तुंग, पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत येत असतो. कापूस उडतो, पाण्यावर उतरतो आणि बुडत नाही. तळं हळूहळू पांढरं होत जातं. मी तुम्हाला हाक मारत नाही, कारण हाक मारली की तुम्ही मान वर कराल आणि मान वर केली की स्वप्न मोडेल, हे मला झोपेतही कळत असतं. खरं तर तुम्ही तळ्याकाठी कधी पिंजायला बसला नव्हता. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला तिथे न्यायचात, शेंगा घेऊन द्यायचात आणि स्वतः झाडाखाली टोपी तोंडावर ठेवून झोपायचात, एवढंच. पण स्वप्नाला कोण समजावणार? जाग येते तेव्हा धुळ्यातल्या माझ्या खोलीत पंखा फिरत असतो, बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल थांबलेली असते, आणि घटकाभर मला पंख्याखाली कापसाचे तंतू तरंगताना दिसतात. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाहून मी आता मोठी आहे. तरी डोळे चोळून मी आधी तुम्हालाच शोधते.

मागच्या महिन्यात माझ्या शाळेत एक गोष्ट घडली. ती सांगायला माणूस शोधत होते, आणि दुसरं कुणी सुचेना. मात्र ती सांगायची तर आधी आपल्या गल्लीत जावं लागेल.

जुन्या जळगावातली ती अरुंद गल्ली, तिच्या तोंडाशी आपलं गाद्यांचं दुकान, मागे आपली राहायची खोली. दुपारी ऊन तिरपं आत यायचं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात कापूस तरंगत राहायचा, जसा काही त्याला खाली यायचाच कंटाळा. तुमच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी शाळेतून आले की तुम्ही म्हणायचात, "पाहा, तुह्या बापाले म्हातारा करून टाकलं या कापसानं," आणि तोंडावरून हात फिरवून पुन्हा तरुण व्हायचात. अम्मा आतून ओरडायची की जेवणात कापूस जातो, दार लावा. दार लावलं तरी जायचाच. आमच्या भाकरीला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाला, अंथरुणाला, केसांना तुमच्या कामाचा वास होता, आणि मला वाटायचं की सगळ्याच घरांना तो असतो.

समोर त्याचं दुकान होतं. तोही गाद्या भरायचा, तोही तुमच्या पहूर गावचाच. तुम्ही दोघं एका उस्तादाच्या हाताखाली पिंजायला शिकलात, एकाच एसटीनं जळगावात आलात, सुरुवातीला एकाच खोलीत राहिलात. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तुमच्या धाकट्या बहिणीशी, आमच्या फुफीशी, त्याची सोयरीक ठरली, तेव्हा तर तो घरचाच झाला होता. मग फुफीनं ऐन वेळी नकार दिला. का दिला ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. म्हणाली, मारून टाका, पण तिथे जाणार नाही. तुम्ही तिच्यावर जोर केला नाहीत. त्याचं म्हणणं पडलं की तुम्हीच तिचे कान भरले. त्या दिवसापासून चाचा गेला आणि 'समोरचा' राहिला. गल्ली तेवढीच होती, दोन पावलांची, पण आपल्या घरातलं कुणी ती पलीकडे ओलांडेना.

त्याच्या मनातला राग बाहेर यायला दोन-तीन वर्षं लागली. आला तो फार वाईट रीतीनं आला. त्यानं गिऱ्हाइकांच्या कानात घातलं की तुम्ही मयताच्या गाद्या उसवून तो कापूस नव्या गादीत भरता. अब्बा, आपल्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. लग्नाची गादी शिवायला आलेली बाई असं ऐकल्यावर दुकानाची पायरी चढेल का? बायका यायच्या, समोर बघायच्या, तो मान हलवायचा, आणि त्या निघून जायच्या. एकदा जवळच्या खेड्यातली एक म्हातारी आली होती, नातीच्या लग्नाच्या गाद्या परत घेऊन. तोंडानं काही बोलेना, नुसती बैलगाडीजवळ उभी. तुम्ही तिला म्हणालात, "अक्का, उसवून पाहा." आणि स्वतःच कात्री घेऊन सगळी शिवण भर गल्लीत उसवलीत. कापूस ढगासारखा बाहेर आला. म्हातारीनं हात घालून पाहिला, वास घेतला, मग रडायलाच लागली. तुम्ही तिथेच बसून गादी पुन्हा शिवून दिलीत. समोरचा दारात उभा राहून सगळं पाहत होता. मला वाटलं, आता तुम्ही त्याला काही तरी बोलाल. तुम्ही सुईत दोरा ओवत राहिलात.

त्याच संध्याकाळी मी अम्माच्या जानमाजवर, तिच्या नमाजाच्या चटईवर, बसून दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं दुआ मागितली की त्याचा हात मोडू दे, त्याच्या दुकानात उंदीर होऊ दे, त्याला रस्त्यात कुत्रा चावू दे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिलात ते कळलंच नाही. मारलं नाहीत. शेजारी बसलात आणि माझे वर धरलेले हात तुमच्या हातांत घेऊन खाली केलेत.

"मालिकाले काम सांगू राह्यली का तू?"

मी म्हटलं, "त्यानंच सुरुवात केली."

"केली असंन. मंग मालिकाले सांग का आमाले दुखलं. रडून सांग, भांडून सांग. पण कोनाचं काय करायचं, हे त्याले शिकवू नको. तो नोकर नाही आपला."

"आणि त्यानं काहीच केलं नाही तर?"

बाहेर मगरिबची अजान सुरू झाली होती, आणि तुमच्या केसांतून कापसाचा एक तंतू सुटून माझ्या गुडघ्यावर येऊन बसला होता. मग म्हणालात, "तर नाही केलं. मंग आपून भाकर खाऊ अन् झोपू." मला तेव्हा हे उत्तर पटलं नाही. दुआ म्हणजे काही तरी घडायला हवं, असं मला वाटायचं. आज वर्गात मुलींना एखादा धडा शिकवताना मी मध्येच थांबते, आणि मला ते उत्तर ऐकू येतं, अगदी तुमच्या आवाजात, शेवटच्या शब्दावरच्या खोकल्यासकट.

मग तो शुक्रवार. गल्लीतले पुरुष जुम्म्याच्या नमाजला गेलेले, दुकानं बंद, ऊन इतकं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. मी शाळेतून लवकर आले होते आणि अम्माजवळ बसून मेथी निवडत होते. कापसाची आग सुरुवातीला दिसत नाही, हे तेव्हा कळलं. आधी नुसता वास आला, कुणी जुनं फडकं जाळावं तसा. मग दुकानाच्या फळ्यांच्या फटींतून धूर आला, अगदी शांत, पांढरा, जणू कापूसच बाहेर पडतोय. अम्मा किंचाळली. तिनं मला आणि धाकट्या भावाला मागच्या दारानं बाहेर ढकललं. तुम्ही नमाजवरून धावत आलात तेव्हा छप्पर खाली बसत होतं. लोकांनी बादल्या ओतल्या, बंब आला, पण कापूस आतून धुमसतच राहिला. पिंजायचं मशीन गेलं, बांधून ठेवलेला माल गेला, आमची खोली अर्धी गेली. खुंटीवरची पिंजण तेवढी काळी होऊन वाचली, कारण ती अम्मानं धुरात शिरून ओढून काढली होती.

समोरचा त्या दिवशी नमाजला आला नव्हता. हे सगळ्यांच्या लक्षात होतं. आठवडाभर आधी चौकात तो म्हणालाही होता की याचा कापूस एक दिवस मी उडवून दाखवतो. हवालदार आला, खुर्चीवर बसला, त्यानं विचारलं, "मियाँभाई, संशय कोणावर?" सगळी गल्ली गोळा झालेली. समोरचा आपल्या दुकानाच्या दारात उभा होता, पळालाही नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ते तोंड मला अजून दिसतं. त्यावर भीती होती, पण कसली, हे मला आजही सांगता येत नाही.

तुम्ही म्हणालात, "साहेब, मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही ते मला माहीत आहे. संशय सांगा."

"संशय खूप येतो. तो काय, रातंदिवस येतो. पण पाहिलं नाही, तर नाव कसं घेऊ?"

हवालदार उठून गेला. अम्मा मात्र थांबली नाही. जळक्या कापसाच्या ढिगाऱ्यावर उभी राहून ती म्हणाली, "साऱ्या गल्लीले माहीत हाये. तुमालेच तेवढं नाही?"

"गल्लीले अंदाज हाये," तुम्ही म्हणालात. "माहीत एकट्या मालिकाले."

"मग पोरांच्या पोटात काय घालू? तुमचा मालिक?"

तुम्ही काळी पिंजण पुसायला घेतलीत. अम्मा महिनाभर तुमच्याशी नीट बोलली नाही, आणि मी तिच्या बाजूची होते. मला तुमची लाज वाटत होती. शाळेत मुली विचारायच्या, तुझा बाप त्याला घाबरतो का गं? मी विषय बदलायची, कारण मलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते धुक्यातून आठवावेत तसे. तुम्ही काळी पिंजण नव्या तातीनं बांधलीत आणि खांद्यावर घेऊन निघालात, तरुणपणी पहूरच्या आसपास फिरायचात तसे, गावोगाव. सुट्टीच्या दिवशी मी तुमच्याबरोबर यायची. कुणाच्या तरी अंगणात, लिंबाखाली, जुन्या गाद्यांचा दगड झालेला कापूस तुम्ही पसरता. तात वाजू लागते. दगड सुटतो, फुलतो, वर उठतो. अंगणातली कोंबडी पांढरी होते, तुळस पांढरी होते, झोळीतलं तान्हं मूल हात वर करून तंतू पकडतं. मी झाडाला टेकून बसते आणि माझे डोळे मिटत जातात. या सगळ्यात कुठेही समोरचा नसतो. त्या अंगणांमध्ये तुम्हाला कुणी दुश्मन असल्याचं दिसतच नाही. एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला त्याचा राग येत नाही का? तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "येतो ना. सकाळी उठल्यासंगं येतो. म्हनून तर पहिले त्यालेच सलाम करतो. नाहीतर दिवसभर तोच राग पिंजत बसंन मी."

कारण तुम्ही सलाम करायचात. रोज. पिंजण खांद्यावर टाकून बाहेर पडलात की समोरच्या दुकानाकडे तोंड करून, "सलाम अलेकुम." तो कधीच उत्तर द्यायचा नाही. आधी तोंड फिरवायचा, नंतर नंतर तुमची चाहूल लागली की आत जायचा. मग तुम्ही रिकाम्या दाराला सलाम करायचात. गल्लीतली पोरं हसायची. अम्मा पदर तोंडाला लावून आत जायची. वर्षानुवर्षं हे चाललं. आपली खोली पुन्हा बांधून झाली, लहानसं दुकान पुन्हा उघडलं, लोक परत येऊ लागले, फुफीचं भुसावळला चांगल्या घरी लग्न झालं, आणि सलाम चालूच.

मी मास्तरीण होण्यासाठी धुळ्याला निघाले तेव्हा तुम्ही मला एक उशी दिलीत. सातपुड्यातून आलेल्या सावरीच्या कापसाची, इतकी हलकी की एसटीच्या खिडकीतून उडून जाईल अशी भीती वाटली. म्हणालात, "हिच्यावर डोकं ठेवशीन तवा कोनाचं वाईट मनात आनू नको. सावरी लवकर दबते." मी हसले होते. होस्टेलमध्ये पहिल्याच रात्री शेजारच्या मुलीशी भांडून मी त्याच उशीत तोंड खुपसून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. उशी दबली नाही. म्हणजे तुम्ही धंद्यातही कधी कधी खोटं बोलायचात.

तुमची छाती कापसानं भरली होती, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी काही वेगळं नाव घेतलं होतं, पण अम्मानं आम्हाला सांगितलं ते हेच. त्यातच तुम्ही गेलात. तुम्हाला घेऊन पुरुष कब्रस्तानात गेले आणि घरात आम्ही बायका उरलो. तेव्हा समोरचा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं गल्ली ओलांडली होती. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, म्हातारा झालेला, हातात टोपी. अम्मानं त्याला पाहिलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग तो माझ्याशीच बोलला.

"पोरी, तुह्या बापानं एकडाव मले शिवी देली असती ना, तर बरं झालं असतं."

मी उंबऱ्यापाशी आले.

"त्या दिवशी हवालदारासमोर माहं नाव घेतलं असतं, तर जे काय व्हायचं ते होऊन गेलं असतं. हा सलाम..." एवढं बोलून त्यानं हात असा हलवला, जसा कुणी तोंडासमोरचा कापूस बाजूला करतो. "लय भारी होता तो सलाम."

आणि निघून गेला. आग लावली की नाही, हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्याच वर्षी तोही गेला. अब्बा, आजपर्यंत मला ते माहीत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर, अंदाज आहे.

आता शाळेचं सांगते. माझ्या शाळेत माझ्याबरोबर एक बाई आहेत. गणित शिकवतात. कधीकाळी आम्ही एका डब्यात जेवायचो. त्यांच्या वांग्याच्या भरितासाठी मी घरून उपाशी निघायची. मग मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली आणि माझं नाव पुढे आलं. त्या वेळी त्यांनी संस्थेच्या लोकांना सांगितलं की मी एका मुलीला कानाखाली मारलं आणि तिला ऐकू येईनासं झालं. मी त्या मुलीला हातसुद्धा लावला नव्हता. चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं. भाजी घ्यायला गेले तरी बायका माझ्या हातांकडे बघायच्या. शेवटी त्या मुलीच्या आईनंच येऊन सांगितलं की कान लहानपणापासून वाहतोय. मी परत कामावर आले, पण जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती. बाईंनी माझी माफी मागितली नाही. तेव्हापासून आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतो. आणि मी, तुमची मुलगी, त्यांना कधीही नमस्कार केला नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाचवीतली एक मुलगी गॅलरीच्या पायऱ्यांवरून पडली. हात मोडला, आता बरी आहे. त्या पायऱ्यांपाशी थांबायचं काम या बाईंचं होतं. पालक चिडले. संस्थेच्या लोकांनी बाईंसमोरच आम्हाला एकेकीला बोलावून विचारलं. दोघी-तिघी म्हणाल्या की बाई जागेवर नव्हत्या, बाहेर फोनवर बोलत असतील, त्यांना सवयच आहे. मग माझी पाळी आली. मी खालच्या रांगेत बसले होते, तिथून गॅलरी सरळ दिसते, हे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल ते आम्ही धरू. त्या तिथे होत्या का?" बाई समोर बसल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.

त्या क्षणी माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. गोड लागत होतं. मी वर पाहिलं असतं तर त्या दिसल्या नसत्या, याची मला खात्री होती. पण मी वर पाहिलंच नव्हतं. मी स्टेजवर नाचणाऱ्या मुलींकडे पाहत होते. पंखा फिरत होता. माझ्या कानात हळूहळू तात वाजू लागली, आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू आला, "सर, मी पाहिलं नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाज मी सांगणार नाही."

मी बाहेर आले. इतर शिक्षिका माझ्याशी बोलेनात. म्हणाल्या, फार मोठं मन दाखवायला निघालात. दुसऱ्या दिवशी गेटवरचा म्हातारा वॉचमन स्वतःहून अध्यक्षांकडे गेला आणि त्यानं पाहिलेलं सांगितलं. एका सहावीतल्या मुलीला चक्कर येऊन उलट्या होत होत्या, तिला या बाईंनी उचलून गेटपर्यंत आणलं होतं आणि रिक्षा मिळेपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसल्या होत्या. त्या मुलीच्या वडिलांनीही तेच सांगितलं. विषय तिथेच मिटला. स्टाफरूममध्ये मी बाईंना विचारलं, तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? तेव्हा बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" कित्येक वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, ऊन लागतंय का, खिडकी लावू का? मी म्हटलं, लावा. त्यांनी लावली. माफी अजून मागितलेली नाही. मीही वाट पाहायचं सोडलं, असं म्हणवत नाही.

घरी येऊन मी खूप वेळ नुसती बसले. ते गोड वाक्य मी बोलले असते, तर एका आजारी पोरीला उचलणाऱ्या बाईला मी बुडवलं असतं. त्या दिवसापासून तुम्ही पहाटे येऊ लागलात. हे पत्र कुठे पाठवणार? पहूरला आपलं कुणी उरलं नाही, आणि तुमच्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही. लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन.

फक्त एक सांगायचं राहिलं. वॉचमननं सांगितल्यापासून शाळेत सगळे म्हणतात की मी देवावर भरवसा ठेवला. तसं झालं नाही, अब्बा. त्या खोलीत मला मालिक आठवलाच नाही, तुम्ही आठवलात. तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवला होतात. मी नुसता तुमच्यावर ठेवला. त्याला एवढं चालत असेल का, हे मला माहीत नाही.